मंजुलाबेनचा चिकू

माझं नाव निंबा. माळ्याचं नाव झाडावरून, म्हणून सुरतेतल्या बंगल्यांमध्ये माझी पुष्कळ थट्टा झाली. थट्टेमुळे नाव लोकांच्या लक्षात राहिलं आणि कामं मिळत गेली. उधन्यात आमच्या खानदेशी लोकांचं एक मंडळ आहे, ते दिवाळीला छोटासा अंक काढतं. या वर्षी मंडळाची माणसं घरी आली. म्हणाली, "निंबाभाऊ, तुम्ही एवढी वर्षं लोकांच्या बागा केल्या. कुंडीत काय लावावं, खत केव्हा घालावं, असं काहीतरी लिहून द्या." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तर खताबद्दल दोन ओळींच्या पुढे जाईना. सारखं एकच झाड डोळ्यांसमोर यायला लागलं. म्हणून त्याचंच लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी मूळचा अमळनेरकडचा. सुरतेत आलो तेव्हा उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या हौदावर होतो. चार वर्षांत छातीत खोकला असा बसला की डॉक्टरनं सांगितलं, काम बदल नाहीतर गावी जा. गावी जाण्यासारखं काही नव्हतं. एका ओळखीच्या माळ्याबरोबर बंगल्यांवर जायला लागलो आणि तेच काम धरलं. सायकल, खुरपं, मोठी कात्री, औषध मारायचा पंप, एवढंच भांडवल. माळी एका घरचा नसतो. एका सोसायटीत आठ-दहा घरं धरायची आणि प्रत्येक घरी आठवड्यातून दोन फेऱ्या मारायच्या. छाटणी, खुरपणी, खत, औषध हे आपलं काम. रोजचं पाणी घरची माणसं घालतात आणि जास्तच घालतात. इथली माती काळी, चिकण. पाणी साचलं की मुळं कुजतात. त्यामुळे माझा अर्धा वेळ लोकांच्या हातातला पाइप काढून घेण्यात गेला.

प्रत्येकाची बागेची तऱ्हा वेगळी. हिऱ्याच्या कारखान्याचे एक मालक होते, त्यांना कुंड्या घराच्या रंगाला शोभणाऱ्या लागत. भिंतींना नवा रंग दिला की जुनी झाडं बाहेर. एक रिटायर्ड डॉक्टर प्रत्येक कुंडीला चिठ्ठी बांधायचे, तिच्यावर झाडाचं नाव आणि तपासल्याची तारीख. नवं पान आलं नाही तर झाडाला माझ्यासमोर रागवायचे. एका घरी सुनेनं लावलेल्या गुलाबाच्या कुंड्यांत सासू मेथी पेरायची, आणि दोघी आपापल्या परीनं मला चहा पाजून आपल्या बाजूला ओढायच्या. मी सगळ्यांना हो म्हणायचो. माळ्याला स्वतःची आवड असून चालत नाही, असं मी नव्या माळ्यांना सांगायचो. ते खोटं होतं. मला आवड होती, आणि तिथंच सगळं बिघडलं.

अडाजणच्या एका सोसायटीत माझी अकरा घरं होती. त्यातलं पहिलं घर म्हणजे एक जोडबंगला. पुढे एकच कंपाउंड आणि एकच फाटक. डाव्या बाजूला धनसुखभाई राहायचे. ते कापड बाजारातले मोठे दलाल आणि सोसायटीत त्यांचा शब्द शेवटचा. मला बाकीची दहा घरं त्यांनीच मिळवून दिली होती. उजव्या बाजूला त्यांच्या धाकट्या भावाची बायको मंजुलाबेन राहायच्या. भाऊ लवकर वारला होता. मंजुलाबेन शाळेत शिकवायच्या, एकुलती एक मुलगी लग्न होऊन वडोदऱ्याला गेलेली. दोघांच्या अंगणाच्या मधोमध विटांची एक रांग होती, बोटभर उंचीची. तिच्या अलीकडे एक बाग, पलीकडे दुसरी.

धनसुखभाईंकडे मेक्सिकन लॉन, भोवती मेंदीचं कुंपण, चार कोपऱ्यांत चार क्रोटन. रविवारी सकाळी ते अनवाणी लॉनवर फिरायचे. एखादं सुकलेलं पान दिसलं की दोन बोटांत उचलून धरायचे आणि मी येईपर्यंत तसेच उभे राहायचे. मेंदी मी दोरी लावून कापायचो. ते एक डोळा मिटून तपासायचे आणि म्हणायचे, "बराबर." पाहुणे विचारायचे, माळी कोण तुमचा? त्या प्रश्नासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. हौदावर काम करताना माझं नाव कोणी कधी विचारलं नव्हतं.

मंजुलाबेनच्या बागेत माझं काम कोणाला दिसण्याची सोयच नव्हती. स्वयंपाकघरात जी बी निघेल ती त्या बोटानं मातीत खुपसायच्या. गुलाबावर कारल्याचा वेल, नळाखाली अळू, मोगऱ्याच्या आळ्यात मिरच्या. पायवाटेच्या मधोमध पपई उगवली तर घरात जाणारा-येणारा तिला वळसा घालून जायचा. मी कात्री काढली की त्या पायरीवरून म्हणायच्या, "रहेवा दो ने, निंबाभाई. एने ज्यां गमे त्यां उगे." म्हणजे राहू द्या ना, त्याला आवडेल तिथं उगवू दे. मी हसायचो आणि मनात चिडायचो. मला वाटायचं, या बाईला बाग कळतच नाही. त्यांची पपई, मिरच्या, अळू मात्र माझ्या घरी पिशवी भरभरून यायचं. माझी बायको सिंधू त्यांना कधी भेटली नव्हती, तरी तिच्या बोलण्यात त्यांचं नाव असायचं.

त्यांच्या बाजूला, विटांच्या रांगेला अगदी लागून, चिकूचं मोठं झाड होतं. सासरी आल्यावर त्यांनी लावलेलं ते पहिलं झाड. चिकू झाडावर पिकवत नाहीत. कडक असतानाच काढून तांदळात ठेवायचे असतात. जाळी बांधलेल्या बांबूनं त्या स्वतः काढायच्या आणि सोसायटीतल्या प्रत्येक घरी पाठवायच्या. पण झाडाच्या फांद्या पलीकडे गेलेल्या. पानं लॉनवर पडायची. वटवाघळं अर्धवट खाल्लेली फळं टाकायची, धनसुखभाईंच्या पांढऱ्या गाडीवर घाण करायची. आणि सावलीत मेक्सिकन लॉन येत नाही, त्याला दिवसभर ऊन लागतं. झाडाखाली पलंगाएवढा उघडा पट्टा पडलेला. मी तीनदा नवीन लॉन आणून बसवलं, तिन्ही वेळा जळालं. पाहुणे आता विचारायचे, इथं काय झालं? मला तो पट्टा स्वतःच्या तोंडावरच्या डागासारखा वाटायचा.

एका रविवारी धनसुखभाई त्या पट्ट्यापाशी उभे होते. म्हणाले, "निंबा, आ झाडनो कंई रस्तो काढ."

"शेठ, फांद्या छाटू?"

"ती छाटू देणार नाही. मी आता भावाच्या बायकोशी झाडावरून भांडू? सोसायटी काय म्हणेल?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाडं कधी कधी आपोआप पण वाळतात. तू माळी आहेस, तुला माहीत."

ते लॉनवर एक फेरी मारून परत आले.

"तुझ्या दिलीपचं काय झालं? आयटीआय झाला ना तो?"

"वर्ष झालं, शेठ. कुठं लागत नाही."

"इच्छापोरला माझ्या भाच्याचा कारखाना आहे. कॉन्ट्रॅक्टचं नाही, कायमचं काम देईल. बोलतो मी."

ही दोन बोलणी त्यांनी एकमेकांना जोडली नाहीत. जोडली मी. नंतर कितीदा तरी मी मनाला सांगितलं की मुलासाठी केलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की ते झाड मलाही नको होतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मंजुलाबेन आठवडाभर मुलीकडे वडोदऱ्याला गेल्या. दुपारी सगळे बंगले झोपलेले असतात, तेव्हा मी गेलो. खोडाला खालच्या बाजूनं भोकं पाडली. चिकूच्या अंगात पांढरा चीक असतो, जखम झाली की तो वाहतो. एवढा वाहील असं मला वाटलं नव्हतं. मी फडक्यानं पुसायचो, पुन्हा यायचा. फडकं भिजलं तेव्हा डोक्याचा रुमाल घेतला. मिलमध्ये चार वर्षं काढलेली, कशानं काय मरतं ते मला कळत होतं. औषध ओतलं, भोकं मातीनं बुजवली आणि वरून खोडाला गेरू-चुना लावला. तो वाळवी लागू नये म्हणून लावतात. हाताला लागलेला चीक दोन दिवस निघाला नाही. घरी सिंधूनं विचारलं, "काय व्हयनं? जेवत का नही?" पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी पानं पिवळी पडायला लागली. मंजुलाबेन फाटकाशीच वाट बघत उभ्या होत्या.

"निंबाभाई, आने शुं थयुं?" याला काय झालं?

"वाळवी असेल, बेन. मुळातून लागते. औषध देतो."

मी बुंध्याशी औषध म्हणून नुसतं रंगीत पाणी ओतलं. त्या बादली धरून माझ्याशेजारी उभ्या. पुढच्या फेरीला त्यांनी पुन्हा विचारलं, काय झालं असेल हो? मी पुन्हा वाळवी म्हणालो. त्यांनी शेणकाला घातला, ताक घातलं, कोणी सांगितलं म्हणून गूळपाणी घातलं. शाळेतून आल्या की पर्स खांद्यालाच असायची आणि एक हात खोडावर. एकदा म्हणाल्या, "नवसारीला एक जाणकार आहेत, फळझाडांचे. बोलावू का?" मी म्हणालो, "बेन, ते जे औषध लिहून देतील तेच मी देतोय. थोडी वाट बघा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर बघते वाट." तो जाणकार आला असता तर झाड वाचलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी पकडला गेलो असतो, एवढं नक्की.

झाड अर्धं उघडं झालं त्या सुमाराला दिलीपला इच्छापोरला काम लागलं. सिंधूनं पेढे आणले आणि म्हणाली, दोन्ही घरी द्या, बेनकडे आधी. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. मंजुलाबेननी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "हजीरा रोडला ट्रक फार असतात. गाडी हळू चालवायला सांगा त्याला." आणि झाडावर शेवटचे जे काही चिकू उरले होते, बोरांएवढे, सुरकुतलेले, त्यांच्याकडे बघायला लागल्या. मी सायकल घेतली आणि बाकीची घरं न करताच निघून गेलो.

दिवाळीनंतर झाड पूर्ण वाळलं. तोडायला दोघं जण आले, मोठी करवत घेऊन. बुंधा पडला तेव्हा त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं लाकडावर हात फिरवला. आत काळे पट्टे गेले होते, भोकं स्वच्छ दिसत होती. तो म्हणाला, "बेन, आने तो कोईए दवा पाई छे." कुणीतरी औषध पाजलंय याला. सोसायटीतली पाच-सहा माणसं गोळा झालेली. धनसुखभाई त्यांच्या ओट्यावर. मी मेंदीपाशी हातात कात्री घेऊन उभा.

मंजुलाबेननी त्या भोकांकडे बघितलं. मोठ्यानं म्हणाल्या, "उधई हती." वाळवी होती. आणि आत निघून गेल्या.

मी पुन्हा मेंदी कापायला लागलो. वाटलं, बिचारी भोळी आहे, तिला कळलं नाही.

त्यानंतर त्यांनी बागेत काही लावलं नाही. कारलं वाळलं ते वाळलं. पपई पडली ती मीच उचलून टाकली. मला त्यांनी सांगितलं, "निंबाभाई, आता माझ्या बाजूला तुम्हाला काम नाही." रागानं नाही, सुट्टीची नोटीस वाचून दाखवावी तसं. पलीकडे लॉनवर पूर्ण ऊन यायला लागलं आणि तो उघडा पट्टा भरून आला. असं लॉन मी आयुष्यात दुसरं केलं नाही. पाहुणे विचारायचे, माळी कोण? धनसुखभाई माझ्याकडे बोट दाखवायचे, आणि मी दुसरीकडे बघायचो.

दोन वर्षांनी मंजुलाबेन रिटायर झाल्या आणि वेसूला एका फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. त्यांची बाजू धनसुखभाईंनी घेतली, विटांची रांग काढली आणि सगळीकडे लॉन केलं. तेही मीच केलं. पुढे त्यांच्या मुलांनी ते उखडून प्लॅस्टिकचं गवत बसवलं. त्यावर धूळ बसते म्हणून ते पाइपानं धुवायला मला बोलवायचे. मी धुवायचो. मग गुडघे गेले, उकिडवं बसता येईना, आणि मी काम सोडलं. दिलीप अजून त्याच कारखान्यात आहे. त्याचं लग्न, त्याचं घर, सगळं त्या नोकरीवर झालं. ती कशी लागली हे मी त्याला सांगितलेलं नाही. हा अंक मराठीत आहे. तो मराठी बोलतो अडखळत, वाचत तर अजिबात नाही, त्यामुळे त्याला कळणार नाही असं धरून चालतो.

गेल्या वर्षी धनसुखभाई वारले. त्यांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला गेलो, तिथं मंजुलाबेन दिसल्या. पांढऱ्या साडीत, बऱ्याच वाकलेल्या. त्यांनीच ओळखलं. दिलीपचं विचारलं, सिंधूचं विचारलं, आणि निघताना म्हणाल्या, "घरे आवजो." घरी या.

आठ दिवस मी विचार केला आणि गेलो. सातवा मजला. त्यांनी पाणी दिलं, सोफ्यावर बसवलं. मी सोफ्यावर टेकलो आणि लगेच बोललो, कारण थांबलो असतो तर बोललोच नसतो.

"बेन, ते चिकूचं झाड. वाळवी नव्हती. मी मारलं."

त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा पेला घेतला. मग म्हणाल्या, "भर पावसात कोणी गेरू लावतं का, निंबाभाई? धुऊन जातो तो. त्याच दिवशी कळलं मला. वडोदऱ्याहून आले, फाटक उघडलं आणि कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"मी तुम्हाला विचारलं. प्रत्येक फेरीला विचारलं, याला काय झालं. नवसारीच्या माणसाचं पण सांगून बघितलं. म्हटलं, आता तरी सांगतील. अजून थोडा जीव होता त्याच्यात."

मी विचारलं, "आणि तोडलं त्या दिवशी? सगळ्यांसमोर वाळवी का म्हणालात?"

"दुसरं काय म्हणणार होते? तुमचं नाव घेतलं असतं तर त्या सोसायटीत तुम्हाला कोणी फाटकातून आत घेतलं नसतं. आणि करायला कोणी सांगितलं ते मला माहीत होतं. बंगल्याचे कागद त्यांच्या नावावर होते. मला तिथं राहायचं होतं." मग म्हणाल्या, "तुम्ही एकटे गप्प नाही बसलात. मी पण बसले. मला ते जास्त लागतं."

मी हात जोडले. माफ करा म्हणालो. त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. चहा ठेवायला आत गेल्या.

मी बाल्कनीत उभा राहिलो. सात-आठ बादल्या होत्या, तळाला भोकं पाडलेल्या. कसलाही ताळमेळ नाही, पुदिन्यात हळद, हळदीत झेंडू. एका बादलीत जास्वंद होती. तिच्या पानांच्या मागे पांढरी कीड कापसासारखी दाटली होती, कळ्या उघडायच्या आधीच गळत होत्या. अशी कीड हातानं पुसून काढावी लागते, मग साबणाचं पाणी मारायचं. दहा मिनिटांचं काम. माझा हात आपोआप पुढे गेला.

"निंबाभाई, अडशो नहीं."

त्या चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. अडशो नहीं म्हणजे हात लावू नका.

मी म्हणालो, "बेन, कीड आहे. आज पुसली नाही तर महिनाभरात झाड जाईल."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "गेलं तर माझ्या हातानं जाईल."

मी हात मागे घेतला. आम्ही दोघांनी तिथंच उभ्यानं चहा घेतला आणि मी खाली आलो.